वाचकांचे प्रश्न : सेप्टिक टँक, नायट्रेट आणि बोअरवेलचे पाणी

प्रश्न : आम्ही मुलुंडला राहतो. कर्जत तालुक्यात 10 एकरांच्या लेआउटमध्ये आम्ही 5 गुंठ्यांचा एनए प्लॉट घेतला आहे. एकूण 50 प्लॉट असून प्रत्येकाची बोअरवेल आणि सेप्टिक टँक स्वतंत्र असणार आहे. बोअरवेल आणि शोषखड्डा यांत 18 मीटर अंतर ठेवले की पाण्याची काळजी नको, असे विकासक सांगतात. निवृत्तीनंतर तेथे कायमचे राहायला जाण्याचा आमचा विचार आहे. एवढे अंतर पुरेसे आहे का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : 18 मीटरांचा नियम विकासकांनी मनाने सांगितलेला नाही, आयएस 2470 या भारतीय मानकात तो आहे. मात्र तो विहिरीत रोगजंतू जाऊ नयेत यासाठी आहे. मातीतून झिरपताना जंतू गाळले जातात आणि मरतात. नायट्रेटचे, म्हणजे सांडपाण्यातील नायट्रोजनपासून तयार होणाऱ्या आणि पाण्यात जास्त झाल्यास तान्ह्या बाळांना घातक ठरू शकणाऱ्या विद्राव्य घटकाचे, तसे होत नाही.

सांडपाण्यातील नायट्रोजन मुख्यतः मूत्रातून येतो. टाकीत प्राणवायू नसल्यामुळे तो अमोनियाच्या रूपात राहतो आणि त्याचा थोडाच भाग गाळात बसतो. शोषखड्ड्याबाहेरच्या हवेशीर मुरमात पोहोचल्यावर जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवत नाहीत, त्यामुळे पाणी जिकडे जाईल तिकडे तेही जाते. म्हणजे उत्तम बांधलेला, कधीही न तुंबणारा शोषखड्डासुद्धा ते अडवत नाही. ते विरळ होते ते केवळ जमिनीत मुरलेल्या पावसाच्या पाण्याने, आणि म्हणून खरा प्रश्न बोअरवेल आणि शोषखड्डा यांच्यातल्या अंतराचा नसून किती जमिनीवर किती माणसे राहणार याचा आहे.

त्याचा ढोबळ हिशेब आपल्याला घरी करता येईल. माणशी दिवसाला सुमारे 10 ग्रॅम नायट्रोजन धरावा. 50 घरांत प्रत्येकी 4 माणसे धरल्यास रोजचे 2 किलो होतात. 10 एकरांवर वर्षाला 3 मीटर पाऊस पडतो आणि त्याचा दहावा हिस्सा जमिनीत मुरतो असे मानले, तर विरळ करायला सुमारे 12,000 घनमीटर पाणी मिळते. सर्वजण फक्त शनिवार-रविवारी आले आणि एक चतुर्थांश नायट्रोजन वाटेत नाहीसा झाला, तरी नायट्रेट लिटरला सुमारे 57 मिलिग्रॅम निघते. पिण्याच्या पाण्याची आपली मर्यादा 45 आहे आणि तीत कोणतीही सवलत नाही. हीच घरे वर्षभर भरलेली राहिली, तर आकडा 200 च्या आसपास जातो. बोअरवेलचे पाणी वापरून पुन्हा त्याच जमिनीत सोडल्याने विरळ करणारे नवे पाणी मिळत नाही, म्हणून ते या हिशेबात धरलेले नाही. आपल्यासारखी पन्नास कुटुंबे निवृत्तीनंतर तेथे राहायला जाणार असतील, तर विचार दुसऱ्या आकड्याचाच करायला हवा.

हा हिशेब सरासरीचा आहे आणि सह्याद्रीच्या पायथ्याचा कातळ सरासरीने वागत नाही. त्या भागात नव्याने खोदलेल्या खड्ड्याची बाजू पावसाळ्यात पाहिली, तर वर हात-दोन हात माती, खाली पिवळसर मुरूम आणि मुरूम संपून काळा कातळ लागतो त्या रेषेतून पाझरणारे पाणी दिसते. ते पाणी उताराकडे जाते, कधी एखादी भेग धरून थेट बोअरवेलमध्ये उतरते. अशी भेग असेल, तर 18 काय आणि 50 मीटर काय, दोन्ही अंतरे निरर्थक ठरू शकतात. शोषखड्ड्याचा तळ पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीच्या वर आहे की नाही, हे जुलै-ऑगस्टमध्येच कळते. प्लॉट दाखवतात मात्र उन्हाळ्यात.

आपण न विचारलेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब म्हणजे लेआउटच्या खालच्या अंगाला कोणाची विहीर आहे. मुंबईत भातसा-वैतरणेचे पाणी नळाला येते आणि सांडपाणी गटारवाहिनीतून निघून जाते, त्यामुळे दोन्हींची जमीन एकच असू शकते हे आपल्या ध्यानात येत नाही. उतारावरच्या पाड्यातली माणसे तीच विहीर बारमाही पितात. त्यांचे पाणी बिघडवून उभे राहिलेले घर मला तरी मान्य होणार नाही.

म्हणून बांधकामापूर्वी लेआउटमधल्या बोअरवेलचे आणि खालच्या विहिरीचे पाणी मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करावी. नायट्रेटबरोबर क्लोराइडही मोजावे. दोन्ही एकत्र वाढलेली दिसली, तर सांडपाण्याचा संशय बळावतो, मात्र आसपास खतांची शेती किंवा गोठे आहेत का हेही पाहावे लागते. अहवालातला आकडा ‘नायट्रेट’चा आहे की ‘नायट्रेट-नायट्रोजन’चा, हे विचारून घ्या, कारण नायट्रोजन म्हणून लिहिलेले 10 म्हणजेच नायट्रेटचे सुमारे 45. विकासकांकडे पन्नास टाक्यांऐवजी, नायट्रोजन काढण्याचा टप्पा असलेले एक सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र मागावे. प्लॉट विकले जाण्याआधी ही मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे इतर खरेदीदारांना आताच सोबत घ्यावे.

प्रश्न : नायट्रेट असलेले पाणी उकळून तान्ह्या बाळाला द्यावे का?
— एक वाचक, दहिसर

उत्तर : देऊ नये. उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेट उलट दाट होते. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या पोटात त्याचे नायट्राइट होऊन रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. ओठ किंवा नखे निळसर दिसली, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. वरच्या दुधासाठी दुसऱ्या, तपासलेल्या स्रोताचे पाणी वापरावे. कँडल फिल्टर आणि यूव्ही यांचा येथे उपयोग नाही. आरओने नायट्रेट बरेच कमी होते, परंतु गाळलेले पाणीही तपासून घ्यावे.