लासलगावच्या लिलावातला कांद्याचा भाव डेटाबेसमध्ये बदलला, तरी नाशिकच्या ऑफिसात हायबरनेट (जावा प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) जुनाच का दाखवतं?

भावाची नोंद ज्या ऑब्जेक्टमध्ये आली आहे, त्यावर एंटिटी मॅनेजरचं (नोंदी आणणारा आणि सांभाळणारा भाग) रिफ्रेश चालवा. नुसतं पुन्हा फाइंड (आयडीवरून नोंद मागणं) करून उपयोग नाही. एकदा आणलेली नोंद सेशन (एंटिटी मॅनेजरचंच हायबरनेटमधलं रूप) पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये, म्हणजे स्वतःच्या मेमरीत, धरून ठेवतं आणि त्याच आयडीला तोच ऑब्जेक्ट परत देतं. शो एसक्यूएल (डेटाबेसला गेलेल्या क्वेरी छापणारी सेटिंग) चालू करून बघा, दुसऱ्या फाइंडला सिलेक्ट, म्हणजे वाचण्याची क्वेरी, छापलाच जात नाही. जेपीक्यूएल (टेबलांऐवजी ऑब्जेक्टवर लिहायची क्वेरी भाषा) क्वेरी तर जास्तच फसवते: लॉगमध्ये सिलेक्ट दिसतो, डेटाबेसमधून २,१०० चा नवा भाव येतोही, पण सेशनमध्ये आधीच असलेल्या ऑब्जेक्टमधले जुने १,८५० तसेच राहतात. रिफ्रेश मात्र नोंद नव्याने वाचून ऑब्जेक्टवर लिहितं, त्यामुळे सेव्ह न केलेले बदल जातात. मायएसक्यूएल वापरत असाल तर एक अडचण आहे. त्याचं डेटा साठवणारं इंजिन इनोडीबी मुळात रिपीटेबल रीडवर चालतं, म्हणजे एका ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेसवरच्या कामांचा एक संच) पहिल्यांदा वाचलं तेच पुन्हा दाखवतं, म्हणून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये रिफ्रेशलाही जुनाच भाव मिळतो. आधी ट्रान्झॅक्शन संपवा. सकाळी उघडलेलं सेशन लिलाव संपेपर्यंत चालवत असाल तर खरं दुखणं तेच आहे. जागोजागी रिफ्रेश घालण्यापेक्षा प्रत्येक रिक्वेस्टला नवं सेशन उघडा.