ईसाफ्योर्दुरचं विमान सारखं का रद्द होतं, आणि मुंबईहून जाताना तिकीट कसं काढावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीला आइसलँडच्या ईसाफ्योर्दुरमध्ये किनारपट्टी आणि सागरी व्यवस्थापनाच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. तिथलं विमान ऐनवेळी रद्द होतं असं ऐकलं. ते खरं आहे का, कारण काय, आणि जाण्यायेण्याची आखणी कशी करावी?

खरं आहे. घाबरू मात्र नका, कारण यात बेभरवशाचं काही नाही. ते विमान कधी येणार नाही याची कारणं ठरलेली आहेत आणि बरीचशी आदल्या दिवशीच दिसतात. ती समजली की आखणी सोपी होते, म्हणून आधी कारणं सांगतो.

ईसाफ्योर्दुर हे साधारण 2,700 वस्तीचं गाव, वेस्टफ्योर्ड्स या वायव्येकडच्या द्वीपकल्पातलं सगळ्यात मोठं. हिमनद्यांनी कोरलेल्या खोल, उभ्या कड्यांच्या खाडीला फियॉर्ड म्हणतात. ईसाफ्यार्दरद्यूप नावाचा एक प्रचंड फियॉर्ड आहे आणि त्याला फुटलेल्या छोट्या स्कुतुल्सफ्योर्दुरच्या पोटात हे गाव आहे. पश्चिमेच्या काठावरून पाण्यात शिरलेल्या वाळू-खड्यांच्या जिभेवर वस्ती, आणि समोरच्या काठावर डोंगराच्या पायथ्याला चिकटून धावपट्टी. दोन्हीकडे सुमारे 700 मीटर उंचीचे, माथ्यावर सपाट आणि अंगाला सरळसोट डोंगर. धावपट्टी 1,400 मीटरची, 1960 मध्ये सुरू झालेली. त्याआधी इथे पाण्यावर उतरणारी समुद्री विमानं येत. सपाट जागाच नव्हती, त्यामुळे विमानतळासाठी दुसरा पर्याय कोणाकडेच नव्हता.

आता विमान उतरतं कसं ते पाहा. मोठ्या फियॉर्डवर, म्हणजे मोकळ्या पाण्यावर, ते यंत्रांच्या आधारे ढगांखाली येतं. तिथून पुढचं सगळं वैमानिकाच्या डोळ्यांवर. एका पद्धतीत विमान छोट्या फियॉर्डच्या तोंडातून आत शिरतं, धावपट्टीच्या बाजूने पुढे निघून जातं, खाडी संपून दरी सुरू होते तिथे डोंगराच्या कडेने जवळजवळ पूर्ण मागे वळतं आणि समुद्राकडे तोंड करून टेकतं. खिडकीत बसलेल्याला पंखाच्या टोकापलीकडे उतारावरचे दगड वेगवेगळे दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण वळण ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेगाने घेतलेलं असतं.

त्या वळणाचं गणित साधं आहे आणि सगळ्या प्रश्नाचं मूळ त्यातच आहे. विमान 120 नॉट्सने, म्हणजे ताशी सुमारे 220 किलोमीटरने, 30 अंश कललेलं असेल तर वळणाची त्रिज्या साधारण 680 मीटर येते. म्हणजे उलटं फिरायला जवळपास 1,360 मीटर रुंदी लागते. आता पाठीमागून 20 नॉट्सचा वारा आला. जमिनीच्या हिशेबाने वेग 140 नॉट्स होतो, त्रिज्या 900 मीटरच्या वर जाते आणि रुंदी 1,800 मीटर लागते. वेग सव्वापटही झाला नाही, तरी जागा एक तृतीयांशाने जास्त लागली, कारण त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. डोंगर काही मागे सरकत नाहीत. म्हणून मुंबईत ज्या वाऱ्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही, त्या वाऱ्यात इथलं उड्डाण थांबतं.

मग समुद्राकडून सरळ येऊन का उतरत नाहीत? उतरता येतं, पण शेवटच्या क्षणी उतरणं सोडून पुन्हा वर जायची वेळ आली तर विमानाचं नाक डोंगराकडे असतं. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाला उड्डाणानंतर एक इंजिन बंद पडलं तरी किमान 2.4 टक्के चढण घेता आली पाहिजे, असा प्रमाणीकरणाचा नियम आहे. म्हणजे एक किलोमीटर पुढे जाताना 24 मीटर वर. या हिशेबाने 700 मीटरचा डोंगर ओलांडायला 29 किलोमीटर सरळ अंतर हवं. फियॉर्डमध्ये ते कुठून आणणार? त्यामुळे एका इंजिनावरही वळून समुद्राच्या तोंडाने बाहेर पडता येईल, असा मार्ग प्रत्येक उतरण्यासाठी आणि उड्डाणासाठी आधीच आखलेला असावा लागतो. तो मार्ग दिसत नसेल किंवा त्यावर वारा वाईट असेल, तर विमान राजधानी रेक्याविकहून निघतच नाही.

‘दिसत नसेल’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. डोळ्यांनी उतरायचं तर उजेड हवा. ईसाफ्योर्दुरला रात्री प्रवासी विमान उतरत नाही. हे गाव 66 अक्षांशावर, आर्क्टिक वर्तुळाच्या जरासं खाली. डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य क्षितिजावर जेमतेम तीन तास असतो; संधिप्रकाश धरला तर उजेड त्याहून बराच जास्त वेळ. गावात तर डोंगरांमुळे नोव्हेंबरच्या अखेरीपासून ऊनच पडत नाही. 25 जानेवारीच्या सुमाराला पहिलं ऊन गल्लीत शिरतं तेव्हा लोक पॅनकेक आणि कॉफी करून तो दिवस साजरा करतात. विमानाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की जूनमध्ये सकाळी वारा असेल तर संध्याकाळपर्यंत, अगदी रात्री उशिरापर्यंत वाट पाहता येते. डिसेंबरमध्ये ती खिडकी काही तासांचीच. सकाळी अकराला वारा असला आणि संध्याकाळी पाचला पडला, तर तोवर उजेड संपलेला. तुमच्या कानावर आलेल्या तक्रारी बहुतेक हिवाळ्याच्याच असणार.

तिसरं कारण घसरण. धावपट्टीच्या अवस्थेला 6 ते 0 असा गुण देतात: कोरडी 6, ओली 5, बर्फाचा कडक थर 1, आणि त्या थरावर पाणी असेल तर 0. या किनाऱ्यावर थंडी सलग राहत नाही. दोन दिवस गोठतं, मग समुद्रावरून उबदार हवा आणि पाऊस. बर्फावर पाऊस म्हणजे सगळ्यात वाईट अवस्था. गुण जितका खाली, तितका कमी आडवा वारा चालतो आणि तितकं वजन कमी करावं लागतं. वजन कमी करणं म्हणजे काही बॅगा पुढच्या फेरीने येणं. म्हणून औषधं, प्रवेशाची आणि वास्तव्य परवान्याची मूळ कागदपत्रं, लॅपटॉप, एक जोडी गरम कपडे हे सगळं मुलीच्या खांद्यावरच्या बॅगेत ठेवा. देशांतर्गत विमान छोटं असल्याने सामानाची मर्यादाही आंतरराष्ट्रीय तिकिटापेक्षा कमी असू शकते. दोन तिकिटं वेगळी असतील तर दोन्हींवरचे आकडे नीट बघा, नाहीतर मसाल्यांच्या डब्यांचे जादा पैसे रेक्याविकला भरावे लागतील.

गावात शांत असताना विमान रद्द झालं की लोकांना राग येतो. खाडीत तरंग नसतो आणि फलकावर ‘रद्द’. पण वारा माथ्यावरून आडवा येत असतो. डोंगराच्या आडोशाला तो खाली कोसळतो, गोल फिरतो, आणि नेमक्या त्या वळणाच्या जागी विमानाला खाली दाबू शकतो. जमिनीवरचा वारा पाहून काही कळत नाही. गावाच्या वरच्या डोंगरावर थ्वेरफ्यात्ल नावाचं हवामान केंद्र आहे. आइसलँडच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर त्याचा वारा बघायची सवय मुलीला लावा. तिथे वारा मीटर प्रति सेकंदात देतात. दुप्पट केलं की साधारण नॉट्स येतात. माथ्यावर 20 मीटर आणि गावात 3 असेल, तर दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक पक्कं धरू नका.

आता आखणी.

जाताना अडचण कमी आहे, कारण शैक्षणिक वर्ष उन्हाळा सरता सरता सुरू होतं आणि तेव्हा दिवस मोठा असतो. तिथे चूक होते ती वेगळीच. मुंबईहून युरोपमधल्या एखाद्या शहरात विमान बदलून ती केफ्लाविकच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरेल. ईसाफ्योर्दुरचं विमान मात्र केफ्लाविकहून नाही, रेक्याविक शहरातल्या जुन्या विमानतळावरून सुटतं. दोन्हींत सुमारे 50 किलोमीटर. बॅगा घेणं, बसने शहरातल्या बीएसआय स्थानकावर पोचायला पाऊण तास, तिथून टॅक्सीने देशांतर्गत टर्मिनल. चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका. माझा आग्रह विचाराल तर त्या रात्री रेक्याविकला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. उड्डाण फक्त 40 मिनिटांचं आहे. सकाळचं घ्यायचं कारण असं की ते रद्द झालं तरी त्याच दिवशी पुढची संधी उरते.

खरा धोका परतीचा, नाताळच्या सुट्टीत घरी येताना. ईसाफ्योर्दुरहून सकाळी निघून दुपारी केफ्लाविकहून युरोप गाठायचं, असं डिसेंबरचं तिकीट कधीही काढू नका. मध्ये किमान एक पूर्ण दिवस ठेवा, शक्य असेल तर दोन. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय प्रवास एकाच बुकिंगवर मिळत असेल तर थोडे पैसे जास्त पडले तरी तेच घ्या. आइसलँडला युरोपचा 261/2004 हा प्रवासी हक्कांचा नियम लागू आहे. खराब हवामानामुळे रद्द झालं तर नुकसानभरपाईची रोख रक्कम मिळत नाही, पण पैसे परत घ्यायचे की पुढच्या विमानाने जायचं हे तुम्ही ठरवता, आणि वाट पाहावी लागली तर जेवण आणि गरज पडल्यास हॉटेल कंपनीने द्यायचं असतं. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मात्र चुकलेलं मुंबईचं विमान तुमच्याच खिशातून जातं.

विमान लगेच रद्द न करता पुढची माहिती अमुक वाजता, अशीही सूचना येते. म्हणजे त्या वेळेला हवामान पुन्हा तपासतील. तोवर विमानतळावर बसायची गरज नाही, पण फोन चालू ठेवून गावातच राहायचं. निर्णय झाला की हालचाल पटकन होते.

रस्ता हा दुसरा मार्ग, सुमारे 450 किलोमीटर. उन्हाळ्यात पाच-सहा तास. 2020 मध्ये द्यिराफ्योर्दुरचा 5.6 किलोमीटरचा बोगदा झाल्यापासून दक्षिणेकडची वाट पुष्कळ सुधारली आहे. पण ज्या वादळाने विमान थांबतं, तेच बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेवरची स्टेइनग्रिम्सफ्यार्दरहेदीची खिंडही बंद करतं, आणि सुदाविक ते ईसाफ्योर्दुर हा शेवटचा पट्टा हिमस्खलनाच्या भीतीने अडवतात. ती भीती खरी आहे: 1995 च्या जानेवारीत सुदाविकमध्ये 14 आणि ऑक्टोबरमध्ये जवळच्या फ्लात्येरीत 20 माणसं हिमस्खलनात गेली. म्हणून विमान रद्द झालं की भाड्याची गाडी काढून निघायचं, हा विचार हिवाळ्यात मुलीच्या डोक्यातूनच काढून टाका. रस्ते विभागाच्या नकाशावर मार्ग उघडा दिसत असेल आणि गाडी बर्फात चालवण्याचा अनुभव असलेल्या माणसाच्या हातात असेल, तरच.

एक गोष्ट तिकिटाआधी तपासा: त्या महिन्यात हा मार्ग कोण चालवतंय. इथे 37 आसनांचं डॅश 8-200 हे विमान येत होतं. आइसलँडएअरने मार्च 2025 मध्ये जाहीर केलं की 2026 चा उन्हाळा संपला की ही सेवा आपण थांबवणार. ही छोटी विमानं ग्रीनलँडच्या आखूड धावपट्ट्यांसाठीही लागत. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या राजधानीत, नूकला, 2,200 मीटरची नवी धावपट्टी सुरू झाली, तिथे मोठी विमानं उतरू लागली, आणि फक्त देशातल्या मार्गासाठी छोटी विमानं सांभाळणं कंपनीला परवडेना. तिच्याकडची मोठी डॅश 8-400 ईसाफ्योर्दुरच्या वळणाला आणि धावपट्टीला जमत नाहीत. कंपनीचा हिशेब समजतो, पण मला तो निर्णय लागला. माशाच्या त्वचेपासून जखमेवरचं आवरण बनवणारी केरेसिस ही कंपनी याच गावात उभी राहिली. मत्स्यशेती, मुलगी जिथे शिकणार आहे ते विद्यापीठ केंद्र, रेक्याविकच्या मोठ्या इस्पितळातल्या तपासण्या, सगळं या 40 मिनिटांवर चालतं. 2020 पासून सरकार दुर्गम भागातल्या रहिवाशांना देशांतर्गत तिकिटावर 40 टक्के सवलत देतं, तीही त्याचसाठी. मुलीने तिथे रहिवासी म्हणून नोंदणी केली की ही सवलत आपल्याला लागू होते का, ते विद्यापीठ केंद्रातच विचारावं.

विमानतळ गावापासून चार-पाच किलोमीटरवर, खाडीला वळसा घालून. रात्री पोचण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे सामान घेऊन अनोळखी गावात अंधारात फिरावं लागेल ही काळजी निदान ऑगस्टमध्ये तरी करू नका. कुणी न्यायला येणार असेल तर रेक्याविकहून विमान खरोखर उडाल्यावरच त्यांना निघायला सांगा.