टाकी विकून टाकू का, मॅडम?

घरातलं माणूस एखाद्या गोष्टीत इतकं अडकलं की झोप, जेवण, पैपाहुणे सगळं मागं पडलं, तर घरच्यांना एकच उपाय सुचतो. ती गोष्टच घरातून काढून टाकायची. कुणी मोबाईल लपवतं, कुणी कबुतरांची ढाबळ मोडतं. बेळगावातल्या वडगावच्या काकू समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या त्या माशांची टाकी विकायची का, हे विचारायला. (काका-काकूंच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

"रात्रीचं उठतात, बघतात, झोपतात, परत उठतात. माशास्नी काय झालं नाही म्हणून सांगितलं तरी पटत नाही. येड लागायची पाळी आलीय ओ मॅडम, त्यास्नी नाही, मला!"

काकांनी उभा जन्म पॉवरलूमवर काढलेला. धागा तुटला की पाठ फिरवलेली असली तरी कळायचं, असं ते अभिमानानं सांगतात. माग विकल्यावर घर एकदम शांत झालं. बेंगळुरूच्या मुलानं करमणूक म्हणून टाकी घेऊन दिली आणि काकांनी हौसेनं त्यात सहा डिस्कस सोडले. ताटलीसारखा गोल, चपटा हा मासा मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याला २८ ते ३० अंश ऊबदार, मऊ, स्वच्छ पाणी लागतं. सोबतही लागते, एकटादुकटा ठेवला की तो बुजतो. पिल्लं झाली की आईबाप दोघांच्याही अंगावर एक चिकट थर सुटतो आणि पिल्लं सुरुवातीला त्यावरच जगतात. काकांनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. या माणसाची टाकी काढून घ्यायची नाही, हे माझं तिथंच ठरलं.

बिघडलं ते गेल्या हिवाळ्यात. काकांनी फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून खळखळून धुतला. हेतू स्वच्छतेचाच होता. पण माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि त्याचा निचरा करणारे जिवाणू त्याच स्पंजात वस्तीला असतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं ते मारले. अमोनिया चढला, दोन मासे गेले. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात स्पंज नुसता पिळायचा असतो, हे काकांना नंतर कळलं. मुलगा फोनवर म्हणाला, "दुसरे आणू की, त्यात काय एवढं?" समजूत घालायलाच म्हणाला, पण काकांचं रडू तिथंच अडलं. पाळलेला जीव आपल्या हातून गेला की माणसाला दुःख होतं, मग तो बैल असो की मासा. पहिल्या भेटीत आम्ही फक्त त्या दोन माशांबद्दल बोललो.

तोवर तपासणी सुरू झालेली होती. अमोनियाची चाचणी घरी करता येते. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, चाचणीच्या औषधाचे थेंब टाकायचे, हलवून थोडा वेळ थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झालं तर अमोनिया आहे. काका नळी खिडकीशी धरून बघायचे, मग ट्यूबलाइटखाली, मग काकूंकडे न्यायचे. "पिवळाच आहे न्हवं? जरा हिरवं वाटत नाही?" काकू म्हणायच्या, पिवळाच आहे. दहा मिनिटांत नवी नळी.

मी काकांना म्हटलं, मला माशातलं काही कळत नाही, नव्यानं टाकी ठेवणाऱ्याला सांगता तसं मला सांगा. पाण्याची उष्णता सकाळ-संध्याकाळ बघायची, चाचणी आठवड्यातून एकदा, मासा मेला किंवा फिल्टरला हात लावला तर काही दिवस रोज. सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं. म्हणजे माहिती कमी नव्हती. आपण बघितलेलं खरं आहे, यावरचा त्यांचा भरवसा उडाला होता. आणि तो परत परत बघून येत नाही. बघितलं की क्षणभर बरं वाटतं आणि त्या बऱ्या वाटण्याची सवय लागते. मग पुढची शंका आणखी लवकर येते. त्यांच्याकडून वहीत वेळ आणि दहापैकी भीती किती, हे लिहून घेतलं तेव्हा ते त्यांचं त्यांनाच दिसलं.

त्यांच्या काळजीतला खरा भाग आम्ही आधी मिटवला. बेळगावची थंडी काही खोटी नाही, आणि रात्री वीज गेली की हीटर आणि फिल्टर दोन्ही बंद पडतात. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणला, एक जादा हीटर आणला, टाकीभोवती गुंडाळायला जाड कांबळं बाजूला काढून ठेवलं. हे एकदा केलं की झालं.

मग रात्रीचं. वहीतली एक ओळ वाचून मी थांबले. "२ वाजता बॅटरी मारली. चारी मासे काळपट. कोपऱ्यात." विचारलं, बॅटरी मारायच्या आधी कसे होते? काका गप्प झाले. डिस्कस घाबरला की त्याचा रंग गडद होतो, अंगावरचे पट्टे उठून दिसतात, आणि अंधारात अचानक उजेड पडला की तो बिथरून काचेवरही आपटतो. हे काकांनीच मला आधी शिकवलेलं. ज्या काळपट रंगाच्या भीतीनं ते रात्रभर उठत होते, तो रंग त्यांच्या बॅटरीनं येत होता.

एवढं कळल्यानं उठणं लगेच थांबलं नाही, थांबतही नसतं. पण सुरुवात करायला बळ मिळालं. बॅटरी काकूंच्या कपाटात गेली. उठावंसं वाटलं की आधी दहा मिनिटं अंथरुणातच थांबायचं, मग वीस, मग अर्धा तास. भीती चढते, छाती धडधडते, आणि काहीच केलं नाही तरी ती आपली आपण ओसरते, हे अंगावर अनुभवावं लागतं. नळी दिवसाला एक, पुढं आठवड्याला एक, आणि रंग एकदाच बघायचा.

काकूंचं काम जास्त अवघड होतं. "पिवळाच आहे" हे त्यांचं उत्तर मायेचं होतं, पण शंकेला खतपाणी घालत होतं. त्याऐवजी त्यांनी म्हणायचं ठरलं, "शंका आलीय हे दिसतंय मला. रंगाचं मी सांगणार नाही. चहा टाकते, बसा." पहिल्या आठवड्यात काका चिडले, एकदा जेवले नाहीत. काकूंनी मला फोन केला, रडल्या, पण उत्तर दिलं नाही. या केसमधलं सगळ्यात मोठं काम त्या बाईनं केलं, असं मी मानते.

दोनेक महिन्यांत काका सलग झोपू लागले. पावसाळ्यात एकदा रात्रभर वीज गेली तेव्हा जुनं सगळं उसळलं, आठवडाभर टिकलं, मग त्याच वाटेनं उतरलं. आता त्यांना दोन नवे मासे आणायचेत. आणा म्हटलं. नवे मासे काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच सोडणार, हे त्यांनीच ठरवलंय.

सगळ्यांचं एवढ्यावर भागतं असं नाही. तपासण्यात रोजचा तासाहून जास्त वेळ जात असेल, हात धुणं, कुलूप, गॅस असं सगळीकडे ते पसरत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून मध्येच सोडू नयेत. आपल्या भागातून धारवाडचं डिमहान्स हे सरकारी मानसोपचार रुग्णालय जवळ आहे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक रात्रीही लागतो. माझ्याकडे येणार असाल तर टाकी, मोबाईल, कबुतरं काहीही त्याआधी विकू नका. माणूस दिवसातून किती वेळा बघतो आणि बघितल्यावर तुम्हाला काय विचारतो, एवढं आठवडाभर लिहून आणा.