‘अगं’ म्हटले की आम्ही दोघीही येतो

वाचकांचे प्रश्न : पाळीव प्राणी

प्रश्न : आम्ही ठाण्यात वर्तकनगरला सातव्या मजल्यावर राहतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जन्मलेल्या कुत्र्याच्या पिलांपैकी एक मादी आम्ही घरी आणली. ती आता सात महिन्यांची आहे आणि तिची समज पाहून आम्ही थक्क होतो. स्वयंपाकघराच्या दाराची मूठ पंजाने खाली दाबून ती दार उघडते आणि लिफ्टचे दार मधल्या कोणत्याही मजल्यावर उघडले तरी जागची हलत नाही, सातव्यालाच बाहेर पडते. तिच्या बुद्धीला साजेल असे नाव ठेवावे, एवढ्यावर घरात एकमत आहे. नाव कोणते, यावर नाही. सासरे संस्कृतचे निवृत्त शिक्षक असल्याने त्यांना ‘सरमा’ हवे आहे, यजमानांना ‘चाणक्य’ आणि बारावीतल्या मुलाला ‘आइनस्टाइन’. या वादात नाव राहूनच गेले आणि सध्या ती ‘अगं’ या एकाच हाकेला येते. अडचण अशी की ती हाक मुळात माझी आहे. त्यामुळे यांनी ‘अगं’ म्हटले की आम्ही दोघीही हजर होतो. काय करावे?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : आपल्या पत्राच्या शेवटी जी तक्रार आहे, तिच्यातच निम्मे उत्तर आले आहे. आपली कुत्री बिननावाची नाही; तिने आपले नाव स्वतःच निवडले आहे आणि ते ‘अगं’ आहे. ती हाक लहान आहे, रोज एकाच चालीवर मारली जाते आणि तिच्या पाठोपाठ घरात काहीतरी घडतेच : कोणीतरी उठते, चहा होतो, ताट वाढले जाते. कुत्र्याच्या लेखी नाव म्हणजे एवढेच. ‘हा आवाज आला की माझ्याशी संबंधित काहीतरी होणार’ अशी खूण. तिचा अर्थ काय आणि ती किती विद्वत्तापूर्ण आहे, याची चिंता माणसांनी करायची असते. ती करू नये असे मी म्हणत नाही, कारण पुढची बारा-चौदा वर्षे ते नाव आपल्याच तोंडी राहणार आहे आणि लसीकरणाच्या पत्रिकेवर व महानगरपालिकेच्या परवान्यावरही तेच लिहिले जाणार आहे. मात्र आधी कानाची परीक्षा घ्यावी आणि मग अर्थाची.

आपल्या सासऱ्यांची सूचना तिघांत सर्वांत जाणकार आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 108 वे सूक्त म्हणजे सरमा आणि देवांचे शत्रू पणी यांचा संवाद आहे. पणींनी लपवून ठेवलेल्या गाईंचा माग काढत इंद्राची दूती सरमा रसा नदी ओलांडून त्यांच्यापर्यंत पोहोचते. पणी तिला ‘तू आमची बहीण हो, तुलाही गाईंचा वाटा देऊ’ असे आमिष दाखवतात आणि ती ते साफ नाकारते. परंपरा या सरमेला देवांची कुत्री मानते आणि कुत्र्याला संस्कृतात ‘सारमेय’ म्हणतात तेही तिच्यावरूनच. माग काढणारी, वाट न चुकणारी आणि खाऊच्या लोभाला न फसणारी, यापेक्षा बुद्धिमान कुत्रीसाठी अधिक अर्थपूर्ण नाव आपल्या वाङ्मयात मला तरी दुसरे सापडत नाही. (याउलट युधिष्ठिरासोबत हिमालय चढून गेलेल्या, अखेरीस साक्षात धर्म ठरलेल्या कुत्र्याला महाभारतात नावच नाही, हे मला नेहमी चुटपुट लावते.)

तरीही ‘सरमा’ हे हाक मारायचे नाव करू नये, असे माझे मत आहे. स, र आणि म ही तिन्ही मऊ व्यंजने आहेत. घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांची रांग लागलेली असताना ती हाक त्या घरघरीत विरघळून जाते. शिवाय मराठी बोलण्यात मधला अ गळून ‘सर्मा’ असा उच्चार होतो आणि आपल्या इमारतीत एखादे तरी शर्मा कुटुंब असेलच. सकाळी सातला जिन्यात उभे राहून आपण ‘सर्मा, इकडे ये, घाण खाऊ नकोस’ असे ओरडल्यास शेजारसंबंध कोणत्या दिशेला जातील, याचा विचार सासरेबुवांनीही करावा.

‘चाणक्य’ आणि ‘आइनस्टाइन’ यांच्याबद्दल थोडक्यात. मादीला चाणक्य म्हणण्याने तिला काही वाटणार नाही, परंतु दोन्ही नावे तोंडात टिकणारी नाहीत. माझ्या दवाखान्यात एक ‘आर्यभट’ येत असे. पहिल्या भेटीत मालकांनी ते नाव पूर्ण उच्चारले, दुसऱ्या भेटीत तो ‘आर्या’ झाला होता आणि डोस संपेपर्यंत ‘भट्टू’. नावाचा असा अपभ्रंश होणारच असेल, तर जे शेवटी उरणार आहे तेच आधी पारखून घ्यावे. आइनस्टाइनचे काय उरेल? बहुधा ‘आयनू’, आणि त्यात बुद्धीची खूण कुठेच राहत नाही.

आता कानाविषयी. कुत्र्याला ऐकू येणाऱ्या ध्वनींची मर्यादा सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंत जाते, आपली जेमतेम 20,000 पर्यंत. म्हणून नावात एखादा तीक्ष्ण, तुटक ध्वनी, म्हणजे क, ट, त, च किंवा प यांपैकी एखादे व्यंजन, आणि शेवटी लांबवता येणारा स्वर असावा, असा प्रशिक्षकांचा अनुभव आहे. दोन अक्षरांचे नाव उत्तम. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2020 मध्ये कुत्र्यांच्या डोक्यावर विद्युतसंवेदक लावून त्यांना ओळखीचे शब्द, त्यांच्याशी जवळचे निरर्थक शब्द आणि अगदी वेगळे निरर्थक शब्द ऐकवले. ओळखीचा शब्द आणि अगदी वेगळा शब्द यांतला फरक कुत्र्यांच्या मेंदूने टिपला, मात्र एखाद्याच ध्वनीने वेगळा असलेला शब्द त्यांना ओळखीच्या शब्दाहून निराळा वाटल्याचे दिसले नाही. आपल्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा की नाव आणि रोजच्या आज्ञा यांच्यात एका अक्षराचा नव्हे, चांगला ढळढळीत फरक हवा. ‘बस’ शिकवायचे असेल तर ‘बसंती’ नको. ‘सिट’ म्हणणाऱ्या घरात ‘किट्टी’ नको.

याला मराठीची स्वतःची एक अडचण जोडून येते, जी इंग्रजी पुस्तके वाचून नाव ठेवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आपण नावे जशीच्या तशी वापरत नाही. ‘चतुर’ असे नाव ठेवले (जे उडणाऱ्या चतुर नावाच्या किड्याचेही आहे, हे बाजूला ठेवू), तर हाक मारताना त्याचा ‘चतुरा’ होतो, लाडात ‘चतुऱ्या’ आणि तक्रार करताना ‘चतुरने चप्पल फाडली’. मोतीचा मोत्या होतो आणि राजाचा राजू. एकाच आठवड्यात नाव चार रूपांत कानावर पडले, तर पिलू पहिल्या अक्षरावर आणि हाकेच्या चालीवरच अवलंबून राहते. तेव्हा नाव ठेवताना घरातल्या प्रत्येकाने ते रागात, लाडात आणि घाईत असे तीन वेळा मोठ्याने म्हणून पाहावे. ज्याचा पहिला भाग तिन्ही वेळा शाबूत राहील, ते नाव चालेल.

या सगळ्यातून पार होणारे आणि आपल्या कुत्रीच्या गुणांना साजणारे नाव मला सुचते ते ‘युक्ती’. दोन अक्षरे, मध्ये ‘क्त’ असा खटकन तुटणारा ध्वनी, शेवटी हवा तेवढा ओढता येणारा ई. लाडात ‘युक्ते’ झाले तरी सुरुवात बिघडत नाही. अर्थ सांगायला शब्दकोश लागत नाही, कारण दाराची मूठ दाबणे याला मराठीत युक्तीच म्हणतात. एकच काळजी घ्यावी : बोलावण्यासाठी नुसते ‘ये’ न म्हणता ‘इकडे’ म्हणावे, म्हणजे नावाचे पहिले अक्षर आणि आज्ञा यांची गल्लत होणार नाही. परवान्यावर सासऱ्यांच्या समाधानासाठी ‘सरमा’ लिहिण्यास माझी हरकत नाही. माणसांनाही पाळण्यातले एक आणि घरातले एक अशी दोन नावे असतातच.

‘अगं’पासून तिला सोडवायला दोन-तीन आठवडे पुरतील. ती दुसरीकडे पाहत असताना एकदाच ‘युक्ती’ म्हणावे, तिने मान वळवताच पोळीचा किंवा उकडलेल्या चिकनचा लहानसा तुकडा द्यावा आणि असे दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी पाच-सहादा करावे. (प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मात्र कधीही देऊ नयेत, द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात.) आंघोळीसाठी, इंजेक्शनसाठी किंवा ओरडण्यासाठी ते नाव घेऊ नये, त्या कामांसाठी आपण उठून तिच्याजवळ जावे. एकामागून एक पाच हाका मारू नयेत, नाहीतर पाचवी हाक हेच नाव आहे असा तिचा समज होईल. या काळात यजमानांनी ‘अगं’ सोडून आपल्याला आपल्या नावाने हाक मारली, तर शिक्षण दुप्पट वेगाने होईल. अवघड भाग तोच असावा.

‘ही खरोखरच बुद्धिमान आहे की आमचेच कौतुक?’ असे आपण पत्रात विचारलेले नाही, पण सुचवले आहे. कुत्र्यांच्या बुद्धीची जी क्रमवारी सर्वत्र फिरते, ती मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी 1994 मध्ये उत्तर अमेरिकेतील आज्ञापालन-स्पर्धांच्या परीक्षकांची मते घेऊन केली. तिच्यात बॉर्डर कॉली पहिला, पूडल दुसरा आणि जर्मन शेफर्ड तिसरा आहे. आपला देशी कुत्रा त्या यादीत शेवटी नाही. तो यादीतच नाही. शिवाय ती क्रमवारी मुख्यतः किती लवकर ऐकतो याची आहे, दार स्वतःहून उघडण्याची नाही. अमेरिकेतील चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला निवृत्त प्राध्यापक जॉन पिली यांनी तीन वर्षांत 1,022 वस्तूंची नावे शिकवली आणि त्याचा शोधनिबंध 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. हजार नावे लक्षात ठेवणाऱ्या त्या कुत्रीचे स्वतःचे नाव काय होते? ‘पाठलाग करणारी’, एवढेच. 1957 मध्ये अंतराळात गेलेल्या लायकाच्या नावाचा अर्थ ‘भुंकणारी’ असा होतो, आणि जपानमधील शिबुया स्थानकावर वर्षानुवर्षे मालकाची वाट पाहिलेल्या हाचिकोच्या नावात तर ‘आठ’ हा आकडा आहे. त्यांच्या मानाने ‘युक्ती’ बरेच भारदस्त आहे.

प्रश्न : परदेशी निघालेल्या मित्राचा पाच वर्षांचा जर्मन शेफर्ड आम्ही ऐरोलीत सांभाळायला घेतला आहे. त्याचे नाव ‘ब्रूनो’. आमच्याच मजल्यावर आणखी एक ब्रूनो आहे आणि एकाला हाक मारली की दोघे भुंकतात. या वयात नाव बदलता येईल का? मनात ‘बिरबल’ आणि ‘तेनाली’ ही नावे आहेत.
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : बदलता येते, वयाचा अडसर नाही. एरवी मी जुन्या नावाशी मिळतेजुळते नवे नाव सुचवतो, कारण ते कुत्र्याला सोपे जाते. आपल्या बाबतीत मात्र नेमके तेच टाळले पाहिजे, नाहीतर तो शेजारच्या हाकेलाही कान टवकारत राहील. म्हणून ब आणि र यांनीच सुरू होणारा ‘बिरबल’ बाद करावा. ‘तेनाली’ला तीन अक्षरे आहेत, परंतु तिन्ही मोकळ्या स्वरांची असल्याने ते लांबवून मारता येते आणि ब्रूनोशी त्याचे काही नाते नाही. कृष्णदेवरायाच्या दरबारातला तो चतुर कवी आपल्या मुलांनाही गोष्टींतून माहीत असेल. पहिला आठवडा ‘तेनाली–ब्रूनो’ अशी जोडहाक मारावी, नवे नाव आधी आणि जुने नंतर; मग जुने हळूहळू गाळावे.

जाता जाता एक निरीक्षण : ‘ब्रूनो’च्या शेवटी ‘नो’ आहे. ज्या घरात नकारासाठी ‘नो’ म्हणतात, तिथे त्या बिचाऱ्याला प्रत्येक हाकेत नकारही ऐकू येत असणार. शेजाऱ्यांनाही हे सांगून पाहावे. कदाचित नाव तेच बदलतील आणि आपले काम वाचेल.

प्रश्न : खारघरमध्ये आमच्या घरी लॅब्रॅडॉरची दोन भावंडे आली आहेत. मुलींनी ‘चिकू’ आणि ‘पिकू’ अशी नावे ठेवली आहेत. त्यांतला कोणता हुशार, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : या नावांनी तरी ओळखता येणार नाही. ‘चिकू’ म्हटल्यावर पिकू धावत आला, तर तो मंद नसून त्याच्या कानाला ती दोन नावे जवळजवळ एकच आहेत. चिकू राहू द्यावा आणि पिकूचे ‘राजा’ किंवा ‘शेरा’ करावे. मुलींची समजूत घालणे कठीण जाईल, म्हणून नव्या नावाची निवड त्यांच्याकडेच सोपवावी. अट एवढीच घालावी की त्यात ‘चिकू’तला एकही ध्वनी नको.