डबक्यातला पिवळा बेडूक आणि शेवाळ, दोघांत साम्य काय?

मुलीला प्रोजेक्टसाठी बेडूक आणि शेवाळ यांच्यातलं साम्य-फरक हवंय म्हणालात म्हणून लगेच सांगतो. मिरगाचा पाऊस पडला की आमच्याकडे रत्नागिरीत भाताच्या खाचरांत आणि सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) डबक्यांत जो मोठा पिवळाधम्मक बेडूक ओरडतो ना, तो इंडियन बुलफ्रॉगचा नर, आणि त्याच पाण्यात हाताला बुळबुळीत लागणारे हिरवे धागे बऱ्याचदा स्पायरोगायरा नावाच्या शेवाळाचे असतात. फरक सरळ आहे, शेवाळ उन्हावर स्वतःचं अन्न बनवतं, बेडूक किडे खातो.

पण मला खरी मजा वाटते ती उन्हाळ्यात. डबकं आटायला लागलं की बेडूक मातीत गाडून घेऊन पडून राहतो आणि स्पायरोगायराचे दोन धागे शेजारी येतात, मध्ये नळी तयार होते, एकाच्या पेशीतला सगळा ऐवज दुसऱ्यात जातो आणि जाड कवचाचा झायगोस्पोर (एक प्रकारचा बीजाणू) बनतो, तो कोरड्यातही टिकतो आणि पाणी आलं की त्यातून नवा धागा फुटतो. म्हणजे अडचण एकच, उपाय दोन! प्रोजेक्टमध्ये हेच दाखवा.

फक्त बेडूक पकडून आणू नका प्लीज, फोटो पुरे. एकेकाळी तंगड्यांच्या निर्यातीसाठी बेसुमार मारले गेलेत ते, 1987 मध्ये ती बंद झाली.