मरियेला ‘देवाची आई’ म्हणतात ते कोणत्या अर्थाने?

आपण विचारले आहे की ज्या देवाला ख्रिस्ती लोक अनादी मानतात त्याला आई असेल, तर ती त्याच्या आधीची ठरत नाही का. आणि तसे ठरत नसेल, तर मग काही ख्रिस्ती पंथ मरियेला ‘देवाची आई’ म्हणायला का कचरतात? मी वसईच्या कॅथलिक घरात वाढलो आणि माझ्या मोठ्या वहिनी नगरकडच्या प्रॉटेस्टंट घरातून आमच्याकडे आल्या, त्यामुळे हा वाद पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी मी घरातच पाहिला. संध्याकाळी जपमाळ सुरू झाली की वहिनी सगळ्यांबरोबर बसत, प्रभूची प्रार्थना मोठ्याने म्हणत, मरियेला वंदन करणाऱ्या प्रार्थनेचा पूर्वार्धही म्हणत, कारण ते शब्द लूकच्या शुभवर्तमानातले आहेत. पण ‘पवित्र मरिये, देवाच्या माते’ हे शब्द आले की त्यांचे ओठ मिटत. पाच दशकांची माळ, म्हणजे पन्नास मण्यांवर पन्नास वेळा. एकदा मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊजी, मरिया येशूची आई, हे मी हजारदा म्हणेन. पण देवाची आई म्हटलं, की देवालाही कुणीतरी अस्तित्वात आणलं असं वाटतं.” वहिनींना त्या वेळी ठाऊक नसेल, पण त्यांची ही अडचण सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीच्या, आर्चबिशपने जवळजवळ अशाच शब्दांत मांडली होती.

आधी शब्दाबद्दल. मूळ ग्रीक उपाधी ‘थिओटोकोस’ अशी आहे आणि तिचा अर्थ ‘देवाला जन्म देणारी’, म्हणजे जिच्या उदरातून देव जन्माला आला ती, असा होतो. मराठीत आपण त्याचे ‘देवाची आई’ किंवा ‘देवमाता’ करतो, आणि इथे घोटाळा होतो. ‘देवमाता’ म्हटले की मराठी वाचकाला अदिती आठवते, जिच्यापासून देव उत्पन्न झाले अशी देवांची जननी; आणि ‘आई’ या शब्दातही उगम, वडीलपणा, अधिकार हे सगळे आपोआप येते. ग्रीक शब्दाचा भर नात्यावर नसून त्या जन्माच्या घटनेवर आहे. मला विचाराल तर ‘ईश्वरजननी’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा आहे, पण तो कोणाच्या तोंडी बसलेला नाही. गोव्यातले लोक कोंकणीत ‘देवाचे माये’ अशीच हाक मारतात आणि वांद्र्याच्या डोंगरावरच्या मरियेला कोळी ‘मोत माऊली’ म्हणतात. प्रार्थनेची भाषा व्याख्या विचारून चालत नाही.

आता तो आर्चबिशप. नेस्तोरियस हा सिरियातल्या अँटिऑककडचा संन्यासी आणि गाजलेला प्रवचनकार. सम्राट दुसरा थिओडोसियस याने त्याला 428 साली कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवर आणले. त्याच्याबरोबर आलेल्या अनास्तासियस नावाच्या धर्मगुरूने एका प्रवचनात सांगून टाकले की मरियेला कोणी थिओटोकोस म्हणू नये, कारण ती मनुष्य होती आणि मनुष्यापासून देव जन्माला येणे अशक्य आहे. लोक खवळले, आणि नेस्तोरियसने आपल्या माणसाची पाठराखण केली. त्याने मधला मार्ग म्हणून ‘ख्रिस्तोटोकोस’, म्हणजे ‘ख्रिस्ताला जन्म देणारी’, हा शब्द सुचवला. वरवर पाहता यात वावगे काहीच नाही, आणि नेस्तोरियसला मूर्ख किंवा दुष्ट ठरवणारी जी जुनी वर्णने आहेत ती मला पटत नाहीत. त्याची भीती खरी होती. येशू हा देवाने निर्माण केलेला, त्याच्याहून कमी दर्जाचा आहे, असे एरियसचे अनुयायी म्हणत, आणि जो जन्मतो, ज्याला भूक लागते, जो मरतो तो देव कसा, हा त्यांचा आवडता मुद्दा होता. या मंडळींच्या हाती कोलीत द्यायचे नाही, म्हणून नेस्तोरियस देवत्व आणि मनुष्यत्व यांच्यामध्ये जाड रेघ ओढू पाहत होता. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणू शकत नाही, असे त्याने बोलून दाखवल्याची साक्षही नोंदलेली आहे.

पण याच वाक्यात त्याची चूक उघडी पडते, आणि इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने नेमके तिथेच बोट ठेवले. ते बाळ देव नसेल, तर ते कोण आहे? देवाने ज्याच्यात वास केला असा कोणी वेगळा, पवित्र मनुष्य? मग ‘शब्द (म्हणजे देवाचा अनादी पुत्र) देही झाला’ या योहानाच्या शुभवर्तमानातल्या वाक्याचा अर्थ ‘शब्द एका मनुष्याच्या सोबतीला आला’ एवढाच उरतो, आणि क्रुसावर मेला तोही दुसराच कोणीतरी ठरतो. इजिप्तमधल्या संन्याशांना लिहिलेल्या पत्रात सिरिलने अगदी घरगुती दाखला दिला आहे. प्रत्येक आई बाळाला देह देते, आत्मा देव देतो. तरी आपण तिला बाळाच्या देहाची आई म्हणत नाही, त्या सबंध बाळाची आई म्हणतो. आईपण शरीराशी किंवा स्वभावाशी (म्हणजे देवत्व, मनुष्यत्व अशा मूळ स्वरूपाशी) जोडलेले नसते, जन्मलेल्या व्यक्तीशी जोडलेले असते. मरियेने देवत्व निर्माण केले असे कोणीच म्हणत नव्हते, सिरिल तर नाहीच; पण तिच्या कुशीत जो होता तो अनादी पुत्रच होता, दुसरा कोणी नव्हे, एवढे कबूल केले की तिला थिओटोकोस म्हणणे ओघानेच येते. म्हणून ही उपाधी दिसते मरियेची, पण बोलते तिच्या मुलाबद्दल.

आपल्याकडच्या वाचकाला इथे देवकी आठवेल. देवकीला कृष्णाची आई म्हणताना विष्णूचा उगम तिच्यापासून झाला असे कोणी समजत नाही. हा दाखला अर्ध्या वाटेपर्यंत उपयोगी आहे. पुढच्या वाटेवर तो सोडावा लागतो, कारण ख्रिस्ती शिकवणीत देहधारण, म्हणजे देवाने मनुष्य होणे, एकदाच घडले, आणि तेव्हा स्वीकारलेले मनुष्यपण भूक, थकवा, मरण यांसकट पूर्ण होते आणि नंतरही टाकून दिले गेले नाही.

निवाडा झाला तो मात्र फारसा शोभेसा नव्हता. सम्राटाने इफिसस (आजच्या तुर्कस्तानात) येथे बिशपांची धर्मसभा बोलावली. अँटिऑकचा बिशप योहान आणि त्याचे सहकारी अजून वाटेत होते. त्यांची वाट न पाहता, सम्राटाच्या प्रतिनिधीचा विरोध असताना, सिरिलने 22 जून 431 रोजी मरियेच्या नावाच्या चर्चमध्ये सभा सुरू केली आणि त्याच दिवशी नेस्तोरियसला पदच्युत करून टाकले. बिशप बाहेर पडले तेव्हा शहरातल्या लोकांनी मशाली पेटवून आणि स्त्रियांनी धूप जाळत त्यांना मुक्कामापर्यंत पोहोचवले, असे सिरिलनेच लिहिले आहे. चार दिवसांनी योहान पोहोचला, त्याने आपली वेगळी सभा भरवून उलट सिरिललाच पदच्युत केले, आणि सम्राटाने सुरुवातीला दोन्ही निर्णय मान्य करून दोघांनाही नजरकैदेत ठेवले. पुढे अलेक्झांड्रियाहून दरबारी लोकांना सोने, गालिचे आणि हस्तिदंती खुर्च्या पोहोचत्या झाल्या; त्यांची यादी आजही वाचायला मिळते. सिरिलचा मुद्दा मला बरोबर वाटतो, त्याची रीत वाटत नाही, आणि दोन्ही गोष्टी एकत्र कबूल करायला काही अडचण नसावी. नेस्तोरियसची रवानगी अखेर इजिप्तच्या वाळवंटात झाली. तिथे त्याने लिहिलेले आत्मसमर्थन सिरियाक भाषांतरात टिकून राहिले आणि 1910 साली छापले गेले. ते वाचल्यावर, ज्या मताबद्दल त्याला शिक्षा झाली ते त्याचे होते तरी का, असा प्रश्न अनेक अभ्यासकांना पडला.

इफिसस हे अर्तेमी या ग्रीक देवीचे शहर, म्हणून तिथल्या लोकांनी देवीच्या जागी मरियेला बसवले आणि ही उपाधी दिली, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. शहरातल्या जल्लोषात जुन्या सवयीचा काही अंश असेलही, पण शब्द तिथला नाही. अलेक्झांड्रियाचा बिशप अलेक्झांडर याने तो त्या सभेच्या शंभरएक वर्षे आधी वापरला होता, आणि ख्रिस्ती धर्म सोडलेला सम्राट ज्युलियन 363 पूर्वीच चिडून विचारत होता की तुम्ही मरियेला थिओटोकोस म्हणणे थांबवत का नाही.

आपल्या ‘आधीची ठरते का’ या शंकेचे नेमके उत्तर 451 साली कॅल्सिडनच्या धर्मसभेने शब्दांत बांधले. पुत्र देवत्वाच्या दृष्टीने युगांच्या आधी पित्यापासून जन्मला, आणि तोच मनुष्यपणाच्या दृष्टीने या शेवटल्या दिवसांत ईश्वरजननी कुमारी मरियेपासून जन्मला. ‘मनुष्यपणाच्या दृष्टीने’ हे शब्द नेस्तोरियसची भीती दूर करतात आणि ‘तोच’ हा शब्द सिरिलचा मुद्दा राखतो.

राहिले नकार देणारे. त्यांत दोन अगदी वेगळे गट आहेत. एक पूर्वेकडील असिरियन चर्च. त्याची एक शाखा केरळात त्रिचूरला आहे. या चर्चमध्ये मरियेला परंपरेने ‘ख्रिस्ताची माता’ म्हणतात. 11 नोव्हेंबर 1994 रोजी या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या आणि दोन्ही संबोधने एकाच श्रद्धेची योग्य रूपे आहेत असे मान्य केले. इफिससची भांडणे आठवली की हा कागद वाचताना जरा विचित्रच वाटते.

दुसरा गट प्रॉटेस्टंटांचा, आणि इथे बहुतेकांचा समज चुकतो. प्रॉटेस्टंट सुधारणेचा आरंभ करणारा मार्टिन लूथर मरियेला देवाची आई म्हणत असे, आणि लूथरन पंथाच्या 1577 च्या श्रद्धापत्रकातही ती खरोखर देवाची आई आहे असे स्पष्ट लिहिले आहे. दुसरा सुधारक कॅल्विन याला शब्द वापरायला संकोच वाटे, पण मरियेची नातलग अलिशिबा हिने लूकच्या शुभवर्तमानात तिला ‘माझ्या प्रभूची माता’ म्हटले आहे या आधारावर त्यामागचा अर्थ त्यालाही मान्य होता. शब्द मागे पडला तो नंतरच्या पिढ्यांत, आणि त्याचे कारण ख्रिस्ताच्या देवत्व-मनुष्यत्वाबद्दलचा मतभेद नव्हता. संतांकडे मध्यस्थी मागण्याची जी प्रथा या शब्दाभोवती वाढली, तिच्यावर त्यांचा रोख होता.

हे मला वहिनींमुळे नीट उमगले. सिरिलचा बाळाच्या आत्म्याचा दाखला मी त्यांना सांगितला तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “असं असेल तर माझी हरकत नाही. तिच्या पोटी जन्मला तो देवच होता, हे मीही मानते.” त्या संध्याकाळी माळेच्या वेळी ‘देवाच्या माते’ हे शब्द त्यांनी आमच्याबरोबर म्हटले. पुढचे ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर’ हे शब्द आले तेव्हा त्या पुन्हा गप्प झाल्या, आणि त्या शब्दांपाशी त्या अजूनही गप्पच असतात.