फोनमधल्या चिपचं मूळ घराणं: बीबीसी मायक्रो

'सुरुवातीच्या पर्सनल कॉम्प्युटरांपैकी सगळ्यात प्रभावी कोणता?' असं तुम्ही विचारलंय. ॲपल टू किंवा आयबीएम पीसी ही उत्तरं तुम्हाला मिळतीलच, आणि ती चूकही नाहीत. माझं मत मात्र बीबीसी मायक्रोला. मी एम्बेडेड क्षेत्रात, म्हणजे उपकरणांच्या आत बसवलेल्या छोट्या कॉम्प्युटरांवर, काम करतो. रोजची झटापट आर्म प्रोसेसरशी (आज बहुतेक फोनमध्ये असतो तोच, आणि त्याचा जन्म बीबीसी मायक्रो बनवणाऱ्यांच्याच हातून झाला), त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा.

लोकांना कॉम्प्युटर शिकवणारी टीव्ही मालिका काढायची आणि तिच्या जोडीला स्वतःच्या नावाचा कॉम्प्युटर विकायचा, असा बीबीसीचा बेत होता. आधी निवडलेलं न्यूब्रेन नावाचं यंत्र वेळेत तयार होण्याची चिन्हं दिसेनात, म्हणून १९८१मध्ये इतर कंपन्यांकडे विचारणा झाली. केंब्रिजची एकॉर्न ही त्यातलीच एक लहानशी कंपनी. बीबीसीची माणसं शुक्रवारी येणार आणि आठवड्याच्या सुरुवातीला दाखवायला कागदावरच्या आराखड्याशिवाय काहीच नाही! तेव्हा एकॉर्नचे सहसंस्थापक हर्मन हाउझर यांनी आपल्या डिझायनर सोफी विल्सनना सांगितलं, की आठवड्यात होईल असं फर्बर म्हणतोय. आणि दुसरे डिझायनर स्टीव्ह फर्बर यांना सांगितलं, की सोफी हो म्हणालीय. दोघंही फसले आणि रात्री जागून कामाला लागले. शुक्रवारच्या पहाटे यंत्र सुरू झालं, बीबीसीचं काम एकॉर्नला मिळालं.

विक्री डिसेंबर १९८१मध्ये सुरू झाली. मॉडेल ए २३५ पौंड आणि मॉडेल बी ३३५ पौंड अशा किमती होत्या, पण त्या लवकरच २९९ आणि ३९९वर गेल्या. म्हणजे स्वस्त मुळीच नव्हता. सिंक्लेअर या प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीची यंत्रं याच्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत मिळायची. सुरुवातीचा अंदाज १२ हजार नगांचा होता, प्रत्यक्षात १५ लाखांच्या आसपास खपले. ब्रिटनमधल्या बहुतेक शाळांत तो पोचला.

पण खप हे माझ्या मताचं कारण नाही. खरी गंमत आतल्या रचनेत आहे. बीबीसी मायक्रोतला ६५०२ हा प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यासारख्या प्रत्येक चक्राच्या अर्ध्याच भागात मेमरीला हात लावतो. उरलेल्या अर्ध्यात पडद्यावरच्या चित्रासाठी मेमरी वाचली, तर दोघांनाही एकमेकांसाठी थांबावं लागत नाही. प्रोसेसर २ मेगाहर्ट्‌झवर चालवायचा तर मेमरी ४ मेगाहर्ट्‌झची हवी, आणि त्या वेळी इतक्या वेगाच्या चिपा मिळणं सोपं नव्हतं. त्या हिताचीकडून मिळाल्या. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम या कॉम्प्युटरमध्ये हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवलाय: चित्र वाचलं जात असताना प्रोसेसरला ताटकळत ठेवायचं. मेमरीतून डेटा किती भराभर खेचता येतो यावरच यंत्राचा वेग ठरतो, ही खूणगाठ एकॉर्नच्या लोकांनी तेव्हाच बांधली.

दुसरी गोष्ट म्हणजे 'ट्यूब' नावाची जोडणी. तिच्यावर दुसरा प्रोसेसर लावता यायचा आणि मूळ मायक्रो फक्त कीबोर्ड, पडदा, डिस्क सांभाळायचा. पुढच्या यंत्रासाठी एकॉर्नने बाजारातले १६-बिट प्रोसेसर तपासले, तर उपलब्ध मेमरीचा वेग ते धड वापरतच नव्हते. मग १९८३मध्ये विल्सन आणि फर्बर अमेरिकेत फिनिक्सला ६५०२च्या घराण्यातली पुढची चिप बनवणाऱ्यांना भेटायला गेले. तिथे एका बंगलीत मोजकी माणसं काम करत होती. हे लोक करू शकतात तर आपण का नाही, असं म्हणत दोघं परतले. विल्सननी इन्स्ट्रक्शन सेट (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा संच) आखला, फर्बरनी चिपची रचना केली. चिप कशी चालेल हे आधी तपासायचं प्रारूपही बीबीसी बेसिकमध्येच, म्हणजे बीबीसी मायक्रोच्या प्रोग्रामिंग भाषेतच, लिहिलं होतं. आणि ती बेसिकही विल्सनचीच.

हीच ती आर्म. २६ एप्रिल १९८५ रोजी पहिली आर्म चिप चालू झाली, ती बीबीसी मायक्रोच्या ट्यूबला जोडलेल्या बोर्डावर. वीज किती खाते ते फर्बर मोजायला गेले तर मीटर शून्य दाखवत होता. चिपला मुख्य वीज जोडलेलीच नव्हती! बाकीच्या पिनांतून झिरपणाऱ्या विजेवरच ती चालत होती. चिप स्वस्त प्लॅस्टिकच्या आवरणात बसावी म्हणून कमी तापणारी हवी होती, बस्स. बॅटरीवरच्या फोनचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसणार.

एकॉर्नची मात्र पैशांची ओढाताण सुरू झाली होती आणि त्याच वर्षी ती ऑलिव्हेटी या इटालियन कंपनीच्या हाती गेली. आर्मची वेगळी कंपनी १९९०मध्ये निघाली, ॲपल आणि व्हीएलएसआय या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या भागीदारीत.

आपल्याकडेही हे यंत्र येऊन गेलंय. शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पात १९८४-८५ला देशातल्या सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो बसवले गेले, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने परवाना घेऊन 'युनिकॉर्न' नावानं तो इथे बनवलाही. इथे कुणाच्या शाळेत तो होता का? असल्यास प्रतिक्रियेत जरूर लिहा, त्यावर नेमकं काय शिकवायचे ते वाचायला आवडेल.